कागदावरचं गायरान

माझ्या सामानात एक लोखंडी साखळी होती आणि तिनं मला हद्दीवरच त्रास द्यायला सुरुवात केली. मनमाडला गाडी बदलून निजामाच्या रेल्वेत बसलो, मुलूख ओलांडला, आणि करोडगिरीच्या शिपायानं, म्हणजे जकातवाल्यानं, माझी ट्रंक उघडायला लावली. वर धोतरं, त्याखाली आईनं दिलेला चिवड्याचा डबा आणि तळाशी वेटोळं घालून बसलेली तेहतीस फुटांची साखळी.

"ये जंजीर किस वास्ते?"

मी म्हटलं, जमीन मोजायला.

"जमीन आपकी है?"

"नाही."

"तो फिर?"

या प्रश्नाला पुण्यात माझ्याकडे चांगलं दोन पानी उत्तर होतं, पण फलाटावर त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. शेवटी त्यानंच माझी कीव केली. चिवडा हुंगून पाहिला, ओंजळभर घेतला आणि साखळीसकट मला सोडून दिलं.

ते दोन पानी उत्तर थोडक्यात असं. मी पुण्याच्या एका शेतकी शाळेत मोजणी शिकवतो. माझे एक जुने गुरुजी हैदराबादेत नोकरीला आहेत. त्यांचं पत्र आलं, की परभणी जिल्ह्यातला एखादा कोरडवाहू ओढा धर. जेवढ्या जमिनीचं पाणी त्या ओढ्याला मिळतं तेवढी सगळी जमीन मोज. आणि जुन्या पैमाईशीच्या, म्हणजे सरकारी मोजणीच्या, वेळी तिच्यात नांगराखाली किती होतं, गवताखाली किती होतं, आज किती आहे, ते मला सांग. जुना नकाशा त्यांनीच पाठवला होता. युद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. शाळेनं रजा दिली. मला वाटलं, काय, साखळी ओढायची, नकाशात रंग भरायचे आणि परत यायचं. आई मात्र म्हणाली, "तिकडं पाणीच नाही म्हणतात, मग ओढा कसला मोजतोस?"

सेलू, वालूर आणि पुढं

सेलूला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिथून बैलगाडी. वालूरच्या बाजारात गाडीवान बैलांना पाणी पाजायला थांबला आणि मी एका ओट्यावर बसून जेवलो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि जवसाची चटणी. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात, हे मी त्या ओट्यावरच्या बाईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. येसराची आमटी तोंडात घेतली आणि दोन्ही कान गरम झाले. तरी दोनदा मागून घेतली.

पुढचा मुलूख सपाट वाटतो, पण तो सपाट नाही. काळं रान हळूहळू चढत जातं, मग मुरमाड माळ लागतो, माळावर बोरी आणि तरवड, आणि माळ उतरला की ओढा. ओढा म्हणजे फाल्गुनात वाळूची वाट. गाडीवान म्हणाला, "पयले संक्रांतीपस्तोर वाहायचा बगा. आता दसऱ्यालाच आटायलाय." हेच मोजायला मी आलो होतो, त्यामुळे मी खूश झालो. दुसऱ्याचा ओढा आटला म्हणून खूश होणारा माणूस गाडीवानानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. कारण पुढं येईलच.

उतरलो पाटलाकडे. माली पाटील, म्हणजे वसुली ज्याच्याकडे तो. बापूराव नाव, आडवा देह, मिशा पांढऱ्या, आणि थट्टा केल्याशिवाय घास गिळायचा नाही हा नेम. पहिल्याच रात्री पानात धपाटे पडले, वर लोण्याचा गोळा, आणि पाटील म्हणाले, "मास्तर, पुण्याची मान्सं जेवत्यात का नुसती मोजत्यात?" मी म्हटलं, आधी जेवतो, मग मोजतो. "मंग बेस हाय. आमच्या घरात जेवल्यावर मोजायचं राहतच न्हाई कुणाचं ध्यानात." सगळे हसले. मीही हसलो. या वाक्याची मला पुढं पुन्हा आठवण झाली.

दगडोबाची विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक नवराबायको येऊन बसलेली. नवरा दगडोबा, बुटका, अबोल. बायको गयाबाई, उंच, आणि दोघांच्या वाटचं बोलणं तिच्याच वाट्याला आलेलं. दगडोबानं पटक्यातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. कागद उर्दूत होता. पाटलांनी वाचून सांगितलं. मजकूर असा, की जुन्या नकाशाप्रमाणे गावाचं गायरान आजच्यापेक्षा बरंच मोठं होतं. सबब कडेच्या शेतकऱ्यांनी ते नांगरून खाल्लं आहे असं दिसतं. सबब पुढच्या मृगापूर्वी ज्यानं त्यानं आपली मूळ लांबी शाबीत करावी, नाहीतर गायरानाकडची पट्टी सोडावी. अशा नोटिसा ओढ्याकाठच्या सगळ्यांनाच आल्या होत्या. पण दगडोबाच्या पट्टीत त्याची विहीर होती.

"शाबीत कसं करावं, सांगा," गयाबाई म्हणाली. "हद्दीचे दगड कवाच गेले. कुणाच्या उंबऱ्याला लागले, कुणाच्या चुलीला. आता तुमी मोजायला आलाव म्हणं. तुमी म्हणाल ते तहसीलवाले ऐकतेत म्हणं."

मी पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "खरं हाय. तहसीलदारानं सांगून ठेवलंय, पुण्याचा मास्तर येणार, त्याची मोजणी धरू."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रंग भरायला आलो होतो. आता माझ्या साखळीच्या टोकाला एक विहीर बांधलेली होती.

विहीर पाहायला गेलो. उतरत्या शेताच्या अगदी तळाशी, गायरानाच्या कडेला. दगडी बांधणी अर्धी झालेली, खाली हिरवंगार, थंड पाणी. नवराबायकोनं किती उन्हाळे घालून ती खणली होती. गडी लावायची ऐपत नव्हती. तो खाली खणायचा आणि ही वर टोपल्या ओढायची. भोवती कांदा आणि चार वाफे गहू. त्या करपलेल्या माळात तेवढाच हिरवा तुकडा. "माझ्या हातांची कातडी ह्या हिरीत हाय, साहेब," गयाबाई म्हणाली आणि तळहात पुढं केले. मी पाहिले. पाहायला नको होते, कारण त्यानंतर मला दगडोबाच्या बाजूनं मोजणी यावी असं वाटायला लागलं, आणि मोजणीवाल्याला तसं वाटून उपयोगाचं नाही.

मोजली. माझी पद्धत अशी, की प्रत्येक साखळीच्या टोकाला एक लोखंडी सळई रोवायची आणि शेवटी सळया मोजायच्या. तोंडानं मोजलं की माणूस चुकतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. जुन्या नकाशात दगडोबाची लांबी अकरा साखळ्या. माझ्या सळया निघाल्या बारा. मी उलट्या टोकानं पुन्हा मोजलं. बारा.

गयाबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुमची जरीबच आखूड असंल," ती म्हणाली. इकडं साखळीला जरीब म्हणतात.

मी फूटपट्टी काढून साखळी तपासली. साखळी बरोबर होती. एक साखळी जास्त, म्हणजे खालची एक साखळी रुंद पट्टी जाणार, आणि विहीर नेमकी तिच्या मधोमध. दगडोबानं विहिरीतून पाणी काढलं आणि मला हात धुवायला दिलं. परत येताना मला बाभळीचा काटा लागला आणि तो लागला ते बरंच झालं असं मला वाटलं, कारण कोणावर तरी चिडायचं होतं.

शेळी

पुढचे दिवस ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी मोजत फिरलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला ठकाजी धनगराचा वाडा होता, म्हणजे काट्याच्या कुंपणात बसवलेली मेंढरं आणि पालं. ठकाजी वयस्कर, काठीवर हनुवटी टेकून बोलणारा. त्यानं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मी तो पीत असताना नकाशा गवतावर पसरून ठेवला होता आणि चार दगडांनी दाबला होता. दगडांचा उपयोग वाऱ्याला असतो, शेळीला नसतो. मी वळून पाहिलं तेव्हा वरचा उजवा कोपरा तिच्या तोंडात होता. त्या कोपऱ्यात मी आदल्या दिवशीच हिरवा रंग भरला होता.

मी ओरडलो. ठकाजीनं शेळीला काठी दाखवली, पण घाई केली नाही. "खाऊ द्या की, मास्तर," तो म्हणाला. "गायरान आता कागदावरच राहिलंय. तिनं बरोबर हुडकलं."

मला हसू आवरेना. कोपरा नंतर आठवून काढावा लागला.

ठकाजीला त्या नोटिसा ठाऊक होत्या. पट्ट्या सुटल्या तर त्याच्या मेंढरांना चारा वाढणार होता, त्यामुळे तो आशेवर होता आणि ती आशा त्यानं लपवली नाही. "कुणाची हीर जावी असं न्हाई म्हणत मी," तो म्हणाला. "पर गवत कुटंतरी गेलंय. माझ्या बापाच्या वक्ताला ओढ्याच्या काठानं गुडघाभर गवत ऱ्हायचं. पानी त्यातनं गाळून यायचं. आता नांगर पार काठाला भिडलाय, दरसाली माती ओढ्यात पडायलीय."

हे मीही पाहत होतो. ओढ्याचं पात्र गाळानं भरत होतं, आणि सगळ्यात जास्त गाळ होता तो पाटलांच्या मोठ्या रानाखाली. तिथं काठावर गवताची काडी नव्हती. पण पाटलांचं रान मी मोजलं नव्हतं. "आमचं काय, मास्तर, गावाचं होऊ द्या, मंग आमचं," असं ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते, आणि ज्याच्या घरी लोणी खातो त्याला घाई कशी करणार?

एक गोष्ट मात्र मला छळत होती. ज्याचं शेत मोजावं त्याचं एकच साखळी जास्त. दगडोबाचं एक. त्याच्या शेजाऱ्याचं एक. वीस साखळ्या लांब शेत होतं, ते एकवीस. दोन साखळ्यांचा एक तुकडा होता, तो तीन. अहो, चोर झाले म्हणून काय झालं, सगळा गाव नेमकी एकच साखळी चोरतो? मोठ्यानं जास्त चोरावी, छोट्यानं कमी, एखाद्यानं चोरूच नये. मी हे जेवताना पाटलांना बोलून दाखवलं.

"म्हंजे नकाशा खोटा," पाटील म्हणाले. "फेका त्याला चुलीत. सगळ्यांचं वाढलंय, तर कुणाचंच वाढलं न्हाई."

"नकाशा खोटा म्हणून चालत नाही, पाटील. का खोटा ते सांगावं लागतं."

"घ्या, धपाटं घ्या," पाटील म्हणाले.

खळं

फाल्गुन पौर्णिमेच्या आधी पाटलांचं खळं निघालं. मळणी होऊन ज्वारीची रास पडली होती आणि मोजायला गावचा मापारी आला होता. सटवाजी त्याचं नाव. गावात कोणाचीही रास असो, माप सटवाजीच्याच हातचं. पाटलांनी मला मुद्दाम बोलावलं. "या, तुमचा जातवाला दाखवतो."

शेणानं सारवलेलं खळं, मधोमध रास, राशीवर करडईचं फूल. सगळ्यांनी पायताणं बाहेर काढली. सटवाजीनं डोक्याला पटका बांधला, पूर्वेकडे तोंड केलं, आणि सगळी माणसं गप्प झाली. माप चालू असताना बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, बरकत जाते. आमच्याकडे खळ्यावर इतकी शिस्त नसते. आमच्याकडे राशीपाशीच दोन भाऊ भांडत असतात.

सटवाजीनं पायली भरली, हातानं सपाट केली आणि पोत्यात ओतली. तोंडातून शब्द नाही. दुसरी पायली ओतली आणि म्हणाला, "एक." तिसरी ओतली, "दोन."

मी शिक्षक आहे. मनातल्या मनात मोजण्याची मला खोड आहे. पोतं भरलं तेव्हा त्याची मोजणी माझ्यापेक्षा एकानं कमी होती. दुसरं पोतं. पुन्हा तेच. तिसऱ्या पोत्याला मला राहवेना.

"सटवाजीबाबा, एक चुकली," मी म्हटलं.

खळ्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाटील खो खो हसायला लागले. "बगा, पुण्याचा मानूस. देवाचंबी मोजायलाय."

सटवाजी मात्र हसला नाही. त्यानं माप खाली ठेवलं आणि मला समजावलं, जसं मी मुलांना समजावतो. "पयलं माप काळ्या आईचं असतंय. ते त्याच पोत्यात जातंय, पर ते मोजायचं न्हाई. जिनं दिलं तिच्याच देण्याला एक म्हणून नाव ठेवावं का?"

आमच्याकडे पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, पण धरतात मात्र. पुण्याची माणसं देवाला नाव देतील, माप देणार नाहीत. हे मी म्हणणारच होतो. हातात गुळाचा खडा होता. तो तोंडाशी नेता नेता थांबलो आणि खाली ठेवला.

"बाबा," मी विचारलं, "जुन्या पैमाईशीत साखळी कोणी ओढली?"

"माझ्या बापानं. मोजायचं काम, म्हनून मोजणीच्या अमीनसाहेबानं मापाऱ्यालाच बोलावलं. आमच्या घराचा मान हाय तो." सटवाजी ताठ झाला. "बाप ओढायचा अन् वरडायचा, अमीन झाडाखाली बसून लिहायचा."

"आणि पहिली साखळी?"

सटवाजीला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "ती काळ्या आईची. दाण्याला सोडायची अन् जिमिनीला न्हाई सोडायची व्हय?"

"अमीनाला सांगितलं होतं?"

"त्यो लांबचा मानूस, त्याला आपली रीत कुटली म्हाईत? त्यानं इचारलं न्हाई. बाप म्हनायचा, त्यो लिहायचा."

मी तिथंच खळ्याच्या कडेला बसलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पोरासारखा आनंद झाला. त्या बापानं प्रत्येक शेताची पहिली साखळी धरित्रीला सोडली होती. शेत केवढंही असो, एकच. आणि गावाची बाहेरची हद्द दुसऱ्या लोकांनी यंत्रानं मोजली होती, ती बरोबर होती. हद्दीतून शेतं वजा केली आणि उरलं ते गायरान म्हणून लिहिलं. सगळ्या शेतांच्या सुटलेल्या साखळ्या जाऊन गायरानात पडल्या होत्या. ते गवत कोणी नांगरलं नव्हतं. ते कधी उगवलंच नव्हतं.

मी हे सगळं मोठ्यानं बोलून गेलो. दगडोबा खळ्यावर कामाला होता. त्यानं ऐकलं, हातातली पाटी खाली ठेवली आणि कोणाला न विचारता घराकडे चालायला लागला. थोड्या वेळानं गल्लीतून गयाबाईचा आवाज आला. काय म्हणत होती ते कळलं नाही, पण आवाज रडण्याचा नव्हता.

तेव्हा माझं लक्ष पाटलांकडे गेलं. ते हसायचे थांबले होते.

पाटलांचं रान

त्या संध्याकाळी ठकाजीकडे जाऊन मला त्याला सांगावं लागलं. हे काम मला सगळ्यात जड गेलं. त्याची आशा ज्या गवतावर होती ते गवत एका मापाऱ्याच्या भक्तीतून निघालेलं होतं. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

"म्हंजे आमचं काईच गेलं न्हाई, असं म्हनायलाव?"

"शेतं वाढली नाहीत. मी मोजलेली तरी."

"अन् न मोजलेली?"

ओढ्यापलीकडे पाटलांच्या रानाची कड संध्याकाळच्या उन्हात सरळ रेघेसारखी दिसत होती.

रात्री पानात सगळं होतं, थट्टा नव्हती. पाटील शेवटी म्हणाले, "मास्तर, आमचं राहिलंय न्हवं?"

"राहिलंय."

"सकाळी घ्या."

मला झोप चांगली लागली असं म्हणणार नाही. इतके दिवस ज्यांचं तूपलोणी खाल्लं त्यांच्याच रानात साखळी टाकायची होती, आणि आता साखळी काय बोलणार ते मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. जोवर सगळ्यांचंच वाढलेलं होतं तोवर पाटलांचंही त्यात झाकून जात होतं. आता सगळ्यांची एक साखळी देवाच्या नावावर गेली होती. ज्याची एकापेक्षा जास्त निघेल तो उघडा पडणार होता. मनात आलं, गाडी जुंपावी आणि जावं. पाटलांचं रान राहिलं म्हणून लिहावं. तसं केलं असतं तरी दगडोबाची विहीर वाचलीच असती.

सकाळी रानात गेलो तर निम्मा गाव बांधावर. दगडोबा, गयाबाई, सटवाजी. ठकाजी ओढ्याच्या पलीकडे मेंढरं घेऊन उभा. मी साखळी सोडली, तेवढ्यात पाटलांनी पायताणं काढली, धोतर खोचलं आणि साखळीचं पुढचं टोक स्वतः धरलं. गडी पुढं आला त्याला म्हणाले, "बाजूला सर."

पाटील ओढत होते, मी सळई रोवत होतो. त्यांना धाप लागली तरी टोक सोडलं नाही. रान संपलं तिथं पुढं जागाच नव्हती. नांगराची शेवटची तास काठावरून ओढ्यात ढासळलेली होती. मी सळया मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"किती?" पाटलांनी विचारलं.

"एकोणीस."

"कागदावर?"

"पंधरा."

बांधावरच्या सगळ्यांना वजाबाकी येत होती. पाटलांनी साखळीचं टोक हळूच खाली ठेवलं, तळहात धोतराला पुसले आणि खाली ओढ्यातल्या मातीकडे पाहिलं.

"एक देवाची," ते म्हणाले. "तीन माझ्या बापाच्या. लिहा."

मी लिहिलं. तो आकडा त्या कागदावर अजून वाकडा दिसतो.

त्या तीन साखळ्यांवर पुढं गवत आलं की नाही मला ठाऊक नाही. तहसिलीनं ऐकलं की नाही, पाटलांनी नांगर मागं घेतला की नाही, हे मोजणीवाल्याला कोणी कळवत नाही. गुरुजींना मी एवढंच लिहिलं, की ओढा आटण्याचं कारण सगळ्या गावात शोधू नये, काठावर शोधावं. निघताना पाटील गाडीपाशी आले. धपाट्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जेवल्यावरबी ध्यानात राहिलं तुमच्या." हे ते रागानं म्हणाले नाहीत. मी वाकून नमस्कार केला.

गाव सोडता सोडता गयाबाईनं गाडी अडवली. डोक्यावर ज्वारीची पाटी. माझा चिवड्याचा रिकामा डबा तिनं मागून घेतला. "तुमच्याच डब्यानं घालते, म्हंजे तुमच्या आईला कळंल किती दिलं ते." ती माझ्या पिशवीत ओतत होती आणि मी नको नको म्हणत होतो. दगडोबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तो पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलला. "पुढल्या साली या. हिरीचं पाणी वर आलेलं असंल." गयाबाईनं पिशवीचं तोंड बांधलं. "पाच डबे हायेत," ती म्हणाली.

घरी पोचलो. आईनं ज्वारी निवडली आणि त्याच डब्यानं मोजून पिपात भरली. मग स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली.

"पाच म्हणालास ना रे? हे सहा भरले. मोजायला चुकली वाटतं बिचारी."

"ती नाही चुकली," मी म्हटलं. "तू पहिला धरलास."